पान सातवरची सुटका

परवा आमच्या बाररूममध्ये तायडे वकिलांची शोकसभा झाली. फोटोला हार, दोन मिनिटं स्तब्धता आणि मग भाषणं. आमचे अध्यक्ष म्हणाले, "तायडे साहेब म्हणजे निर्भीडपणाचं दुसरं नाव. आपल्या बारला त्यांचा सदैव अभिमान वाटत आला." सदैव! मी तिसऱ्या रांगेत बसले होते. सहा वर्षांपूर्वी याच खोलीत, याच अध्यक्षांनी तायडेंचा चहा बंद केला होता. शिपायाला सांगितलं होतं, त्यांना कप द्यायचा नाही. त्यांची खुर्ची उचलून झेरॉक्सवाल्याच्या टपरीशेजारी ठेवली होती. त्या वेळच्या ठरावाचं रजिस्टर अजून कपाटात आहे. उठून काढावं आणि पान उघडून वाचून दाखवावं, असं मला वाटलं. वाटलं, आणि मी बसून राहिले. मला बसून राहण्याची सवय आहे. ती किती जुनी आहे ते पुढे येईलच.

बाहेर आले तर एका न्यूज पोर्टलचा मुलगा मोबाइल धरून उभा. "मॅडम, तायडे सरांची एक आठवण सांगा ना. तीस सेकंदांत." मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी आले आणि हे लिहायला बसले.

गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. अमरावतीहून अकोल्याकडे निघालं की तालुक्याची जी गावं लागतात त्यातलं एक समजा. नाव लिहिलं तर सोमवारी माझ्यावर ठराव होईल, आणि तोही एकमताने.

प्रल्हाद तायडे उंच, वाळके आणि आवाजाने दणदणीत होते. काळा कोट कोपरावर तांबूस झालेला. त्या कोटाच्या आतल्या खिशात एक लाकडी फूटपट्टी असे. त्यांचे वडील वलगावकडे प्राथमिक शाळेत मास्तर होते, त्यांची ती पट्टी. मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून गेले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला "वकीलबाई" म्हटलं. सनद हातात येऊन बारा दिवस झाले होते, कोटाची घडीसुद्धा मोडली नव्हती. घरचे अजून "पोट्टी कोर्टात जाते" म्हणत होते. त्या एका शब्दाने मी त्यांची झाले, असं म्हणायला हरकत नाही.

सकाळी साडेदहाला ते बाररूममध्ये येत, कँटीनमधून आलूबोंडा आणि कढी मागवत, आणि पेपर उघडत. पेपर ते मनात वाचत नसत. मोठ्याने वाचत, आणि कोर्टाची बातमी आली की थांबत. मग पट्टी निघे. आधी बातमीची लांबी मोजायची, मग कॉलम मोजायचे, मग निळ्या पेनाने दुरुस्त्या. 'नराधम' दिसलं की खोडून वर 'आरोपी'. 'कबुली दिली' दिसलं की समासात, 'कोणासमोर? पोलिसासमोरची कबुली पुराव्यात येत नाही.' 'पोलिस कोठडी सुनावली' या शब्दांवर तर त्यांचा विशेष राग. "सुनावतात ते शिक्षा. कोठडी देतात. यायनं पह्यल्याच दिवशी शिक्षा सुनावून टाकली, आता आमी कोर्टात काहून जावं?" दुरुस्त केलेला पेपर ते घडी घालून पाकिटात घालत आणि संपादकाला पाठवत. दर आठवड्याला एक. एकाही पत्राचं उत्तर आलं नाही. लोक हसत. मीही हसायची, खोटं कशाला बोलू.

त्यांनी एकदा मला दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. एका पानावर दुचाकी चोरणाऱ्या पोराची बातमी होती, 'मुसक्या आवळल्या'. दुसऱ्या पानावर एका मोठ्या पुढाऱ्याच्या घोटाळ्याची, 'साहेबांच्या अडचणीत वाढ'.

"पाहा वकीलबाई," ते म्हणाले. "कलम पाहाल तर पुढाऱ्याचं भारी हाय. पण याच्या मुसक्या, अन् त्याच्या फक्त अडचणी. अन् तेबी पक्ष बदलला का अडचणी संपल्या. पोट्ट्यानं कोणता पक्ष बदलावा?"

दोन महिन्यांनी तो पुढारी खरोखरच पक्ष बदलून मोकळा झाला. त्या पेपरने त्याचा हार घातलेला फोटो छापला. तायडेंनी तो मोजला आणि आलूबोंडा संपवला.

फोटोवरून आठवलं. त्याच दुचाकी चोरणाऱ्या टोळीतला एक पोरगा तायडेंचा पक्षकार होता. पोलिस ठाण्यात पत्रकार परिषद होती. पाच पोरं जमिनीवर उकिडवी बसवलेली, मागे इन्स्पेक्टर आणि त्यांचं पथक, पुढे कॅमेरे. तायडे आत शिरले आणि सांगू लागले, "साहेब, याची ओळखपरेड व्हायची हाय अजून. आज फोटो छापून आला तर साक्षीदार उद्या काय ओळखन? पोराले का पेपराले?" इन्स्पेक्टर म्हणाले, तायडे साहेब, बाजूला व्हा. तायडे बाजूला झाले नाहीत. सरळ आपल्या पोराच्या पुढे जाऊन उभे राहिले, दोन्ही हात कमरेवर. कॅमेरावाल्यांनी शेवटी कंटाळून तसाच फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात तो आला. मधोमध तायडे, खाली ओळ, 'जेरबंद केलेल्या टोळीसह पोलिस पथक'. शेंदूरजनाघाटहून त्यांच्या बहिणीचा फोन आला, "भाऊ, तुही जमानत झाली काय?" ही गोष्ट ते न हसता सांगत आणि शेवटी म्हणत, "तीन कॉलम आल्तो. माह्या लग्नाचा फोटो बी येवढा मोठा नाई."

टीव्हीचं प्रकरणही सांगून टाकते. अमरावतीच्या एका चॅनेलने त्यांना चर्चेला बोलावलं. विषय तोच, कुठल्याशा नेत्याची अटक. दोन प्रवक्ते एकमेकांवर ओरडत होते आणि निवेदिका तिघांवर ओरडत होती. मी स्टुडिओत काचेमागे उभी होते. तिने विचारलं, "तायडे सर, एका शब्दात सांगा, दोषी की निर्दोष?"

"बाई, दोषारोपपत्र वाचलं काय तुमी?"

"सर, जनतेला उत्तर हवंय!"

"मंग जनतेलेच जज करा ना. मी चाललो घरी."

आणि खरंच उठले. माइक शर्टालाच अडकलेला, वायर ताणली गेली, एक दिवा आडवा झाला. रात्रभर चॅनेलवर पट्टी फिरत होती, 'ज्येष्ठ वकिलाने चर्चेतून काढला पळ'. परतताना एसटीत ते एवढंच म्हणाले, "माइक त्यायचा तुटला असंन तर भरून देऊ."

म्हणजे माणूस गोड होता असं नाही. पक्षकाराला ते खेकसत. खोटं बोलणारा साक्षीदार आणला म्हणून त्यांनी एका मालदार पक्षकाराची फाइल खिडकीतून बाहेर भिरकावलेली मी पाहिली आहे. जजसमोर आवाज चढवत. मला आठवड्यातून दोनदा रडवत. कोणी कौतुक केलं की संशयाने बघत. या अशा स्वभावामुळे त्यांना बारमध्ये मित्र नव्हते, आणि पुढे ते एका बाईच्या बाजूने उभे राहिले तेव्हा त्यांच्या शेजारी कोणीच उभं राहिलं नाही.

आता कमलबाई.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात कमलबाई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. विधवा, पन्नाशीची, बौद्ध वाड्यातली. गावातल्या काही घरांना तिच्या हातचं मुलांनी खाल्लेलं चालत नव्हतं. हे आजच्या काळातलं बोलतेय मी. पालकसभेत तसं बोललं गेलं होतं, मुलं डबे आणत होती, एकीने तिच्या अंगावर पाण्याचा गडवा भिरकावला होता. त्या गावात माझी सख्खी आत्या दिली आहे. तिची नातवंडंही डबा न्यायची. हे मला माहीत होतं.

ऐन फवारणीच्या दिवसांत एका दुपारी खिचडी खाऊन एकोणीस मुलं ओकायला लागली. अठरा वाचली. दुसरीतली एक मुलगी अमरावतीच्या इर्विन दवाखान्याच्या वाटेवरच गेली.

संध्याकाळपर्यंत कमलबाईला अटक झाली. पोर्टलवाल्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला विष कालवताना जवळजवळ पाहिलंच होतं. 'अपमानाचा सूड! चिमुकल्यांच्या ताटात कालवलं विष!' हेतू काय, तर गावाने तिचा अपमान केला होता. नीट वाचा. गावाने तिच्यावर पाणी फेकलं, तिच्या हातचं नाकारलं, आणि हाच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला. पेपरने तीन दिवस पहिलं पान दिलं. पहिल्या दिवशी सहा कॉलम, फोटोसकट. गावाचे उपसरपंच पोलिसांच्या शेजारी उभे राहून प्रतिक्रिया देत होते, फाशी द्या.

चौथ्या दिवशी आमच्या बारची तातडीची सभा झाली. विषय एकच, या बाईचं वकीलपत्र कोणीही घ्यायचं नाही. असले ठराव करायला बारला अधिकार नसतो. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला परीक्षेत विचारलेलं होतं. पण बाहेर कॅमेरे होते. अध्यक्षांना नगरपालिकेला उभं राहायचं होतं. ते म्हणाले, "संमती असलेल्यांनी हात वर करा."

तायडे माझ्या उजवीकडे बसले होते. त्यांचा हात मांडीवर होता. माझा हात वर गेला. कोणी धरून वर केला नाही. मागे वळून बघत होते सगळे, आणि मला वाटलं, मी एकटीच खाली ठेवला तर? शिवाय आत्या काय म्हणेल? आणि ती मुलगी तर गेलीच होती ना. एवढी सगळी कारणं एका क्षणात सुचली. तायडेंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सेक्रेटरींनी लिहिलं, 'ठराव एकमताने मंजूर.' तायडे उठले.

"एकमतानं नाई. माहा हात खाली होता. खोडा ते."

"साहेब, तुमी एकटेच तं हाय."

"मंग लिहा ना, एक सोडून."

नाही खोडलं. मागून कोणीतरी म्हणालं, "सोताच्या समाजाची बाई हाय म्हणून करून राह्यले." तायडे वळले. बोलणाऱ्याला त्यांनी आवाजावरून ओळखलं होतं.

"मांगच्या साली तुह्या साळ्याची जमानत म्या केली. तवा तो माह्या समाजाचा होता काय बे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यासमोर कोरा वकालतनामा ठेवला, त्यावर फक्त स्वतःची सही केली आणि म्हणाले, "वकीलबाई, याच्यावर तुमी सही नोका करू. ठराव मोडला म्हणतीन, तुमची प्रॅक्टिस सुरू व्हायची हाय अजून. तुमी मले फक्त निवाडे शोधून द्या."

रागावले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, ऑफिसातून हाकललं असतं, तर मी भांडले तरी असते. त्यांनी मला सांभाळून घेतलं. त्या वकालतनाम्यावर माझी सही नाही. आज इतकी वर्षं मी वकिली करते, हजारो कागदांवर सह्या केल्या असतील. जी करायची होती ती एक केली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची माफी कधी मागितली नाही. मागायला गेले होते दोनदा. दोन्ही वेळा दुसऱ्याच केसचं काहीतरी विचारून परत आले.

मग चहा बंद, खुर्ची बाहेर. कोणीतरी घराच्या फाटकावर काळं फासलं. तायडेंनी ते पुसलं नाही. "पाऊस येईन तवा धुऊन जाईन," म्हणाले. पक्षकार गळाले. ते टपरीशेजारी खुर्चीत बसून पेपर वाचत राहिले, मोठ्याने, पट्टीसकट, आणि बाररूमच्या खिडकीतून आम्हाला ऐकू येत राहिलं.

कमलबाई अमरावतीच्या तुरुंगात चौदा महिने होती. जामीन इथे फेटाळला, मग नागपूरला हायकोर्टात मिळाला. खटला सुरू झाला आणि तायडेंनी उपसरपंचांना साक्षीच्या पिंजऱ्यात फक्त पाव तास प्रश्न विचारले. शाळेची खोली गळत होती, तर तांदळाची पोती कुठे ठेवली होती? माझ्या गोदामात. गोदामात आणखी काय होतं? शेतीचा माल. फवारणीचं औषध? होतं थोडं. कुठे? तिथंच. पोत्यांपासून किती लांब? मोजलं नव्हतं. गोदामाची चावी कोणाजवळ? माझ्याजवळ. कमलबाईजवळ? नाही. ती कधी गोदामात आली होती? आम्ही येऊ देत नव्हतो.

"काहून नव्हते येऊ देत?" तायडेंनी विचारलं.

उपसरपंच सरकारी वकिलांकडे बघू लागले. तायडेंनी जजकडे पाहिलं आणि म्हणाले, "उत्तर दिलं नाही, असं लिहून घ्यावं."

तपास अधिकाऱ्याने गोदामाचा पंचनामाच केला नव्हता. प्रयोगशाळेचा अहवाल वर्षभर आधी आला होता. औषध शिजवलेल्या खिचडीतच नव्हे, न उघडलेल्या पोत्याच्या तळाशीही सापडलं होतं. तो कागद फाइलमध्ये होता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होता. वाचला फक्त एकाने.

सव्वादोन वर्षांनी निकाल लागला. निर्दोष. मराठीत एकतीस पानांचं निकालपत्र. जजसाहेबांनी स्पष्ट लिहिलं होतं की ही बाई या घटनेला कुठल्याही प्रकारे जबाबदार नाही. दुसऱ्या दिवशी पेपर आला. तायडे टपरीशेजारी बसून पान उलटत गेले. पहिल्यावर नाही, दुसऱ्यावर नाही. पान सातवर, चष्म्याच्या दुकानाच्या जाहिरातीखाली, एक कॉलम, चार ओळी, 'विषबाधा प्रकरणी महिलेची पुराव्याअभावी सुटका'.

पुराव्याअभावी! मी त्यांना इतकं चिडलेलं कधीच पाहिलं नव्हतं. म्हणजे केलं हिनेच, पण सापडली नाही. त्या एका शब्दाने चार ओळींत पुन्हा शिक्षा दिली होती.

त्याच दिवशी ते मला घेऊन अकोल्याला पेपरच्या कार्यालयात गेले. बगलेत जुना पेपर, सहा कॉलमांचा. संपादक तरुण होते, सभ्य होते, पाणी दिलं. म्हणाले, "साहेब, तुमचं म्हणणं समजतंय. पण ती बातमी आता जुनी झाली."

"बातमी जुनी झाली असंन. बाई जुनी नाई झाली. ते तं गावात राहून राह्यली अजून."

"तुम्ही जाहीर निवेदन देऊ शकता. खाली जाहिरात विभाग आहे, मी त्यांना सवलतीचं सांगतो."

तायडेंनी बगलेतला पेपर त्यांच्या टेबलावर उलगडून ठेवला. मग म्हणाले, "बदनामी फुकट, अन् सुटका इकत?" आणि उठले. जिन्यात त्यांना दम लागला. कठड्याला धरून उभे राहिले. आजार तेव्हा सुरू झाला होता बहुतेक, आम्हाला कळलं नाही.

मी म्हटलं, "सर, आता काय करायचं? नोटीस देऊ?"

"नोटीस देऊन का होते? पाच वर्ष लागतीन. तवालोक हे गाव तिले जगू देईन काय?" मग कठडा सोडून, "पेपर निकाल छापत नाई ना, मंग आपण वाचू."

मला वाटलं, रागात बोलताहेत. पण त्यांनी कमलबाईच्या गावच्या ग्रामपंचायतीला अर्ज दिला की पुढच्या रविवारी शाळेच्या पटांगणात निकालपत्राचं जाहीर वाचन करायचं आहे. पंचायतीने लाउडस्पीकर नाकारला. तायडे म्हणाले, लागत नाही.

मी त्यांना नंतर कोर्टात पाहिलं, दवाखान्यात पाहिलं, शेवटी तर ओळखू येत नव्हते. पण ते आठवले की मला तो रविवारच दिसतो.

पटांगणात एक सतरंजी. तिच्यावर समोर कमलबाई, धुतलेलं पातळ नेसून, डोक्यावर पदर. सुरुवातीला चाळीसेक माणसं जमली होती. बायका कुंपणाबाहेर. माझी आत्याही होती, मला बघून तिने तोंड फिरवलं. तायडे उभे राहिले, काळा कोट घालून, ऊन असूनही. निकालपत्र डोळ्यांजवळ धरलं आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. खटला क्रमांक. सरकार पक्ष. आरोपीचं नाव, वय, धंदा. त्यांनी काहीही गाळलं नाही. कोण साक्षीदार, कोणी काय सांगितलं, कलमं, तारखा, सगळं. पाचव्या पानाला लोक चुळबुळायला लागले. दहाव्या पानापर्यंत निम्मे गेले. एकोणिसाव्या पानावर उपसरपंचांची साक्ष आणि गोदामाचं आलं तेव्हा कुंपणापलीकडून कोणीतरी जोरात मोटरसायकल सुरू करून तशीच चालू ठेवली. तायडेंनी आवाज वाढवला. मी पाण्याची बाटली घेऊन कडुलिंबाखाली उभी होते. त्यांनी एकदाही पाणी मागितलं नाही.

एकतिसावं पान संपलं तेव्हा सात माणसं उरली होती. "सदर आरोपी निर्दोष असून तिची मुक्तता करण्यात येत आहे." त्यांनी कागद खाली केला. कमलबाईने पदराने तोंड पुसलं.

मागे शाळेच्या भिंतीला टेकून एक माणूस उभा होता. केव्हा आला मला कळलं नाही. पायात चपला नव्हत्या, खांद्यावर दुपट्टा. गेलेल्या मुलीचा बाप. मी त्याला कोर्टात पाहिलं होतं, सरकार पक्षाचा साक्षीदार म्हणून. तो दोन पावलं पुढे आला.

"वकील साहेब," तो म्हणाला, "हे सारं खरं असंन. पण पेपरात तं हिचंच नाव आल्तं. आता तुमी म्हंता हे नाई. मंग माह्या पोरीले कोणं मारलं? मले कोणीच सांगून नाई राह्यलं."

तायडेंचा राग उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. डोळे भरले होते, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"तुमी कवा आले, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच आलो. शेवटचं तेवढं आयकलं."

"मंग तुमचं उत्तर राहून गेलं. ते एकोणिसाव्या पानावर हाय. पण तेवढंच वाचलं तं समजणार नाई. बसा."

तो तसाच उभा राहिला. सतरंजीवर जागा होती, पण तिथे ती बसली होती. सव्वादोन वर्षं ज्या बाईला त्याने रोज शाप दिले असतील, ती हातभर अंतरावर. कमलबाईने वर पाहिलं नाही. फक्त एका बाजूला सरकली आणि हाताने सतरंजीवरची धूळ झटकली.

तो बसला.

मीही जाऊन मागे मातीत बसले. तायडेंनी रुमालाने चष्मा पुसला, एकतीस पानं उलटवून पहिलं पान वर आणलं, आणि त्या एका माणसासाठी, त्याच दणदणीत आवाजात, खटला क्रमांकापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.